आबांचा डावा हात

माझ्या धंद्यात सगळ्यात मोठी दाद कुठली, तर कुणी मान वळवून आपल्याकडे न बघणं. लोणावळ्याच्या एका हॉटेलच्या लॉबीत मी पियानो वाजवतो. दुपारी चारला बसतो, मध्ये चहाला पंधरा मिनिटं. लॉबी ही कुणाचीच मुक्कामाची जागा नाही. लोक तिथे खोलीच्या किल्लीची वाट बघतात, मुलं बॅगांवर चढतात, आणि रोज एक तरी गृहस्थ माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहून फोनवर सांगतो की तो अजून एक्स्प्रेसवेला अडकलेला आहे. मागे पियानो वाजतोय हे त्याच्या लक्षात नसतं. पलीकडच्या माणसाच्याही नसावं, कारण आजवर त्यातला एकही जण पकडला गेल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

पियानोवर लोक ओल्या छत्र्या ठेवतात, चिक्कीचे डबे ठेवतात. एकदा एका बाईंनी झोपलेलं तान्हं बाळ दुपट्यासकट पियानोवर ठेवलं आणि त्या काउंटरवर सही करायला गेल्या. मी डावा हात बाळाच्या कडेला आडवा धरला आणि उजव्या हाताने जगातली सगळ्यात संथ गत वाजवत बसलो. बाई आल्या, बाळ उचललं आणि म्हणाल्या, "बरं झालं, हे टेबल रिकामं होतं."

दुसऱ्या एक बाई पुस्तक वाचत बसल्या होत्या. त्यांनी मला तीनदा निरोप पाठवला, अजून हळू. चौथ्यांदा मी हात पट्ट्यांच्या बोटभर वर धरले आणि हवेतच वाजवू लागलो. मान डोलवली, डोळे मिटले, शेवटी एक लांब उसासाही सोडला. बाई समोरून म्हणाल्या, "आता कसं छान वाटतंय." त्या दिवशी मी सबंध दोन गाणी वाजवलीच नाहीत आणि अभिप्रायाच्या वहीत माझं नाव आलं.

तर असा हा धंदा. आमचं घराणं मूळचं बँडवाल्यांचं. वडगाव मावळात माझ्या वडिलांचा, अब्बांचा, ब्रास बँड होता. वरात, उरूस, जत्रा, काहीही असो, लाल कोट घालून निघायचं. मी आधी क्लॅरिनेट फुंकलं, मग कॅसिओ की-बोर्ड आला तेव्हा त्याच्यापुढे बसलो, आणि एक दिवस खंडाळ्याच्या एका बंगल्यात डिसूझा अंकल भेटले. जहाजांवर पियानो वाजवण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि निवृत्तीनंतर त्यांना जमीन हलत नाही याचा त्रास होत होता. त्यांनी मला जॅझ शिकवला. शिकवला म्हणजे काय, माझी बोटं एकेक करून उचलली. मी दहा बोटांनी वाजवायचो, बँडवाल्याचा पोरगा, मोठा आवाज हीच आमची इज्जत. अंकल छडीने एकेका बोटाला टोचून म्हणायचे, "ये क्या कर रहा है उधर? काम नहीं है तो घर भेज उसको."

इथे थोडं समजावून सांगतो. आपल्याकडे सूर रांगेने येतात, एकामागून एक. तिकडे ते पंगतीला बसतात, तीन-चार जण एकदम. त्या पंगतीला कॉर्ड म्हणतात. नुसती पंगत बसवणं सोपं आहे. खरी गंमत एक पंगत उठून दुसरी बसते त्या क्षणात आहे. जॅझवाल्यांची एक लाडकी वाट आहे, तीन कॉर्डची. पहिल्यावर आपण घराबाहेर असतो, दुसऱ्यावर उंबऱ्याशी येतो, तिसऱ्यावर आत. जगातली निम्मी जीव कालवणारी गाणी याच वाटेने घरी येतात. आणि यातली जादू अशी की प्रत्येक कॉर्डमधले चार सूर वाजवायची गरजच नसते. दोन पुरतात. सा पांढरी एकवर, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीवर, धरला तर डाव्या हातात आधी म आणि वरचा सा. मग सा एक पट्टी खाली सरकून नी होतो. मग म एक पट्टी खाली सरकून ग होतो. झालं. दर वेळी एकच बोट, एकच पट्टी. उरलेले सूर ऐकणाऱ्याचा कान आपले आपण भरून घेतो.

ही एवढीशी गोष्ट नीट जमायला मला दोन वर्षं लागली. आणि सोळा वर्षं मी ती त्या लॉबीत रोज वाजवली, छत्र्यांच्या आणि चिक्कीच्या सान्निध्यात. कुणाच्याही लक्षात आली नाही. येऊ नये यासाठीच पगार मिळतो, हे मला कळत होतं. तरी माणसाला वाटतंच.

मग आबा आले.

कार्तिकात हॉटेलच्या हिरवळीवर मावळातल्याच एका घराचा साखरपुडा होता. बाहेर स्पीकर असे लावले होते की लॉबीतल्या काचा थरथरत होत्या. त्या आवाजाला कंटाळून एक म्हातारबाबा आत आले. पांढरा लेंगा, टोपी, गळ्यात तुळशीची माळ, उजव्या हातात काठी, डावा हात सदऱ्याच्या खिशात. माझ्या मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं, संडास कुठे आहे ते विचारणार. लॉबीत मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न तोच.

"मास्तर, हिला भाता कुटंय?"

"पियानोला भाता नसतो, आबा."

"मग वारा कुटनं येतो?"

"वारा नाही लागत. आत तारा आहेत. पट्टी दाबली की हातोडी तारेवर पडते."

त्यांनी वाकून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. "म्हंजे डावा हात मोकळाच म्हना की."

"मोकळा कसला, तोही वाजवतो."

"त्येच इचारायचंय. मगाशी तुमची डाव्या हाताची दोनच बोटं हालली. एक हाललं, मग दुसरं हाललं. आन समदं गानं घराकडं वळल्यावानी झालं. काय केलं हो त्ये?"

मी वाजवायचा थांबलो. सोळा वर्षांत पहिल्यांदा कामाच्या वेळेत थांबलो. मॅनेजरने काउंटरवरून लगेच मान वर केली. म्हणजे पियानो थांबला की ऐकू येतो, हेही त्या दिवशी कळलं.

मी परत वाजवून दाखवलं, सावकाश. आबांचे ओठ हलत होते. "म-सा," ते पुटपुटले. "म-नी. ग-नी." कान तयार होता. मग काठी पियानोला टेकवून खिशातला डावा हात त्यांनी उजव्या हाताने बाहेर काढला आणि माझ्यापुढे धरला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट हलत होतं. बाकीची तीन मुडपून बसलेली.

"मागल्या साली डाव्या अंगावरनं वारं गेलं," ते म्हणाले. "ही दोनच ऱ्हायलीत कामाला. ह्येवडी पुरतील का?"

मी म्हटलं, "आबा, जास्तीची होतात म्हणून माझ्या गुरूने मला छड्या मारल्यात."

सकाळी मी वडगावला घरीच, की-बोर्डवर पियानोची शिकवणी घेतो. आबा दर सोमवारी आणि शुक्रवारी येऊ लागले. उर्स्याच्या टोलनाक्यापलीकडे त्यांचं गाव. गावाचं नाव मी सांगत नाही. पुढे बुवांचा विषय येणार आहे आणि बुवा अजून मला ओळख देतात. आबांनी चाळीस वर्षं गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवली होती. घरी मात्र त्यांनी शिकवणीचं सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं की भावकीच्या वाटणीचं काम निघालंय, वडगावला वकिलाकडे जातोय. भावकीची वाटणी म्हटल्यावर अजून किती फेऱ्या आहेत असं मावळात कुणी विचारत नाही.

पेटीवाल्याला पियानो शिकवणं ही काय चीज आहे हे पेटी आणि पियानो दोन्ही वाजवणाऱ्यालाच कळेल. पेटीवाल्याचा उजवा हात गातो आणि डावा हात वारा घालतो. जन्मभर. आबांनी उजव्या हाताने चाल सुरू केली की डावा खांदा आपोआप मागे-पुढे, मागे-पुढे व्हायचा. हात निम्मा गेला होता, सवय शाबूत होती. मी तो खांदा धरून उभा राहायचो. आबा म्हणायचे, "मास्तर, सोडा, बंद पडंल." त्यांची खात्रीच होती की भाता थांबला तर सूर मरणार. पियानोचा सूर आपणहून हळूहळू विरतो, त्याला तसंच जाऊ द्यायचं असतं, हे त्यांना पटायला पंधरा दिवस लागले.

दुसरी अडचण सूर गाळण्याची. "ह्यो रे चा कॉर्ड म्हनता, आन रे च न्हाई वाजवायचा?"

"तो कानात वाजतो, आबा."

"भाजीत मीठ घालायचं न्हाई, आन खानाऱ्यानं घातलंय असं समजायचं, त्यातली गत."

तिसरी अडचण शेवटच्या नीची. जॅझमध्ये घरी आल्यावरही सा च्या कॉर्डमध्ये एक नी ठेवतात. त्यानेच ती गोड कळ येते. आबांना ते सहन होईना. "घरी आल्यावं मानूस चपला भाईर काडतो. ह्यो नी चपला घालून आत आलाय." शेवटी आम्ही तह केला. नी आधी वाजू द्यायचा, ओसरीवर जरा टेकू द्यायचा, आणि मग अंगठा गुपचूप वरच्या सा वर न्यायचा. डिसूझा अंकलनी मला छडीने मारलं असतं. पण खोटं कशाला बोलू, आबांचा तो उशिरा येणारा सा ऐकून माझ्या अंगावर काटा आला, आणि हल्ली लॉबीत मीही तसंच वाजवतो.

सहाव्या-सातव्या फेरीला दारात एक बाई उभ्या. नऊवारी, हातात पिशवी, चेहरा पंचनाम्याला आल्यासारखा.

"वकिलाची पाटी न्हाई कुटं," त्या म्हणाल्या. "आन आत बाजा वाजतुया."

आबांचा खांदा पुन्हा मागे-पुढे होऊ लागला.

या आबांच्या मंडळी. मी त्यांना मावशी म्हणतो. "ह्या वयात कसली वाटणी काढलीय म्हनलं, बगावं तरी. मला वाटलं, दुसरंच काय निगतंय का काय."

"दुसरं काय निगनार?" आबा म्हणाले.

"त्येच. त्येवडी हिंमत न्हाई म्हनून तर सावकाश आले."

त्या दिवसापासून मावशीही यायच्या. उंबऱ्यात बसून मेथी निवडायच्या आणि शेरे मारायच्या. एकदा आबा हात धुवायला मागे गेले तेव्हा त्या खाली बघूनच बोलल्या. "आमचं घर देवळाला लागून हाय. गुरवारी भजन सुरू झालं का ह्ये टीवी मोटा करून बसत्यात. कुस्त्या बगत्यात. जन्मात कदी कुस्ती बगितली न्हाई ह्या मानसानं." मेथीची काडी मोडली. "टाळ द्यावा म्हनलं मंडळानं, तर टाळाला बी दोन हात लागत्यात. आता म्हाघातला सप्ता आला. मास्तर, ह्येंचं तिकडं बसनं व्हईल का? नुसतं बसनं न्हवं. वाजवत बसनं."

तोवर मी ही शिकवणी गमतीची धरत होतो. त्या सकाळनंतर नाही.

मी माझा जुना लहान की-बोर्ड आबांना घरी सरावाला दिला. तीन महिने गेले. म-सा, म-नी, ग-नी. आबा उशिरा यायला शिकले, थांबायला शिकले. एखादा कॉर्ड वाजवून पुढच्यासाठी असे गप्प बसायचे की मावशीसुद्धा मेथी धरून थांबायच्या. सप्ताह चार दिवसांवर आला तेव्हा आम्ही देवळात गेलो, मंडळाच्या तालमीला.

मंडळाचे म्होरके बुवा. आवाज असा की स्पीकरची गरज विजेपेक्षा रीतीला. पेटीवर आता शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी होते. सज्जन माणूस, आबा आले तेव्हा ते उठून उभे राहिले. की-बोर्ड बघून बुवांच्या कपाळाला आठी पडली. "आबा, आपलं भजन हाय. आरकेस्ट्रा न्हवं."

"दोन बोटं हायेत, बुवा. त्यात कसला आरकेस्ट्रा."

"बरं, वाजीव. बगू."

बुवांनी अभंग उचलला. आबांनी दोन बोटं टेकली. आणि मी जे ऐकलं ते बँडवाल्याच्या मुलालाच सांगता येईल: एका बोळात दोन वराती समोरासमोर आल्या.

बुवा काळी चारमध्ये गातात, म्हणजे त्यांचा सा चौथ्या काळ्या पट्टीवर. चाळीस वर्षं काळी चार. मी आबांना तीन महिने पांढरी एकमध्ये शिकवलं होतं, कारण नवशिक्याला तीच सोपी. सगळ्या पट्ट्या पांढऱ्या आणि रुंद. तुमचे बुवा कुठल्या पट्टीत गातात, हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. हॉटेलात सोळा वर्षं कुणी गातच नाही, पट्टी विचारायची सवयच गेली होती. आणि आबांना तर ठाऊक होतं. पण ते धरून चालले होते की मास्तर आधी पांढऱ्यावर शिकवतायत, वेळ आली की आपणहून काळी चारवर आणतील. मास्तरांना कसं सांगायचं.

आबांनी लगेच हात उचलला. बुवा थांबले. रागावले नाहीत, तेच वाईट झालं. फार मऊ आवाजात म्हणाले, "आबा, तू आपला म्होरं बस. ऐकायला. तुज्यासारका कान कुनाचा हाय?"

आबांनी उजव्या हाताने डावा हात उचलला आणि खिशात ठेवला.

बाहेर आल्यावर मावशींनी चपला घालता घालता मला विचारलं, "बुवा कुटल्या पट्टीत गातो, इचारलं न्हाईत व्हय?"

"नाही, मावशी."

"मी मेथी घेताना इचारते, कुटल्या रानातली. धा रुपयाची जुडी असती."

मी खाली मान घालून मोटरसायकलला किक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आले, मागोमाग मावशी, काखेत तो लहान की-बोर्ड. येतील असं मला वाटलं नव्हतं. आम्ही काळी चारवर बसलो. तिथे म आणि सा दोन्ही काळ्या पट्ट्यांवर येतात. अरुंद, उंच. आबांचं बोट टेकायचं आणि घसरायचं, टेकायचं आणि घसरायचं. मी बोट धरून ठेवायचो तर अंगठा निसटायचा. तासाभराने आबांनी हात मांडीवर घेतला आणि त्यांची नजर की-बोर्डच्या डाव्या कोपऱ्यावर गेली. तिथे एक चिकटपट्टी होती, जखमेवर लावतात तसली.

"हितं काय लागलंय ह्याला?"

आता कबुलीजबाब.

की-बोर्डला एक बटण असतं. ते दाबलं की सगळे सूर हवे तेवढे वर किंवा खाली सरकतात. बोटं पांढरी एकवर ठेवा, आवाज काळी चारचा येईल. खऱ्या पियानोला असलं काही नसतं, आणि खरे पियानोवाले त्या बटणाला चोरबटण म्हणतात. मी तर शपथच घातली होती स्वतःला. माझ्या हाताखाली शिकणारा कुणी ते दाबू नये म्हणून मी प्रत्येक की-बोर्डवर त्याला चिकटपट्टी लावतो. मोठ्या अभिमानाने लावतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो.

हे सगळं मी आबांना सांगितलं.

"म्हंजे बटन हाय."

"आहे."

"आन दाबलं का बुवाची पट्टी येती."

"येते. पण आबा, ती लबाडी आहे."

"मास्तर," आबा म्हणाले, "डाक्टरनं मला काटी दिली चालाया. ती बी लबाडीच हाय. पन तुमच्या दारापत्तुर आलो तिच्यावर."

मी चिकटपट्टी नखाने उचकटली. खाली प्लास्टिक नवंकोरं चकचकीत निघालं. बाकी सगळा की-बोर्ड पिवळा पडलेला. बटण दाबून सूर चार पायऱ्या खाली नेले. आबांनी दोन बोटं ठेवली, म-सा, आणि मावशी उंबऱ्यातून म्हणाल्या, "ह्यो बुवा आला बगा."

आता प्रश्न खऱ्या बुवांचा. बुवा मावशींचे चुलतभाऊ. मावशी संध्याकाळी त्यांच्याकडे गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सांगून आल्या की शेवटच्या दिवशी दुपारच्या भजनातला अखेरचा अभंग आबांना मिळाला आहे. मी विचारलं, "काय बोललात त्यांना?"

"काय न्हाई. जेवले आन आले."

"काहीच नाही बोललात?"

"त्येच तर. जेवताना मी बोलले न्हाई म्हनून भ्याला."

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी मी हॉटेलात सुट्टी टाकली. मांडव भरला होता. गावात अब्बांना ओळखणारे अजून होते. एका म्हाताऱ्याने मला जवळ बसवून घेतलं आणि जत्रेत आमच्या बँडचा ढोल कसा फुटला होता ते पुन्हा सांगितलं. माझ्याकडे काम एकच होतं: पखवाजाच्या मागे बसायचं आणि प्लगवर कुणाचा पाय पडू द्यायचा नाही. इतक्या मैफली वाजवल्या, पण इतका घाबरलो नव्हतो.

बाकीचे अभंग झाले. आबा की-बोर्डपुढे बसून होते, दोन्ही हात मांडीवर. लोक बघत होते. कुजबुजही झाली, आबा नुसतेच बसलेत. मग बुवांनी शेवटचा अभंग उचलला. गुरुजींनी आपली पेटी चार बोटं सरकवून आबांना जागा दिली.

पहिलं आवर्तन गेलं. आबा हलले नाहीत. दुसरं गेलं. मी प्लग घट्ट धरला, जणू तो सुटल्यामुळेच आवाज येत नव्हता. तिसरंही गेलं. चौथ्याला ध्रुपदाची ओळ संपता संपता आबांनी खिळा ठोकावा तसे नाही, पदर सावरावा तसे ते दोन सूर खाली ठेवले. जरासे उशिराच. म-सा.

बुवांची पाठ ताठ झाली. ती मला मागून दिसली. मग म-नी, मग ग-नी, आणि ओसरीवर जरा टेकून, सा. टाळ वाजवणाऱ्यांतल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. गुरुजी हसले. आबांनी मग पुन्हा एक सबंध आवर्तन सोडून दिलं. ते सोडणंच मला ऐकू आलं. तीन महिन्यांत मी जे शिकवलं त्यातलं सगळ्यात अवघड तेवढंच होतं. पुढच्या खेपेला ते वाजवायच्या आधीच बुवा त्या दोन सुरांसाठी आवाज बारीक करून थांबले.

अभंग चढला, दुगणीत गेला, टाळ कडाडले, आणि शेवटी बुवांनी हात वर करून लय उतरवली. शेवटची ओळ. त्यांची रीत अशी की रे वर येऊन श्वास पुरेल तेवढं थांबायचं आणि मग सा वर उतरायचं. पखवाज थांबला. बुवा रे वर आले. गुरुजींची पेटीही रे वर. आबांनी खाली म-नी धरलं.

आणि धरूनच ठेवलं. सूर विरू लागला की पुन्हा हळूच दाबायचे, म-नी.

उंबऱ्यावर उभं करून ठेवलेल्या माणसासारखे बुवा रे वर उभे. उतरायला काहीच हरकत नव्हती, कुणी धरलं नव्हतं. पण खाली ते दोन सूर होते तोवर त्यांना उतरवेना. त्यांनी मान मागे वळवली. आबा समोर, देवाकडे बघत होते. चेहऱ्यावर काही नाही. बुवांचा रे लांबत गेला, गळ्याच्या शिरा दिसू लागल्या. मांडवात कुणी हलेना. माझ्याही छातीत श्वास अडकला, आणि मी तर गात नव्हतो.

बायकांच्या बाजूने मावशींचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा. "अवो, सोडा आता त्येला. माजा भाऊ हाय."

आबांचं बोट म वरून ग वर सरकलं. एक पट्टी. बुवा सा वर आले ते जवळजवळ बसलेच, आणि त्यांच्या मागोमाग आबांचा अंगठाही नी सोडून सा वर गेला. मग टाळ, पखवाज, सगळा मांडव.

गजर झाल्यावर बुवा तांब्याभर पाणी प्यायले, त्यांनी तोंड पुसलं आणि पाठमोरेच म्हणाले, "आबा."

"व्हय."

"गुरवारी लवकर ये. आन मागं न्हाई बसायचं. हितं माज्या शेजारी बस, वायर लांब आन. तू कवा सोडनार त्ये मला दिसाया पायजे."

आबांनी डावा हात उजव्या हाताने उचलला. खिशात घातला नाही. टोपी सारखी करायला वर नेला.

"दिसलं तरी," ते म्हणाले, "सोडीन तवाच सोडीन."